मन खचलेलं असताना बायबल कसं वाचायचं: नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

हे मी अशा माणसांसाठी लिहितेय ज्यांच्या घरात बायबल आहे, कुणीतरी दिलेलं किंवा स्वतः आणलेलं, पण ते उघडायचं कुठं हे कळत नाही आणि दिवस तर वाईट चाललेत. कारखान्यातनं कमी केलंय, घरात कुणाचं तरी आजारपण लांबलंय, सोसायटीचं कर्ज थकलंय, किंवा असं बोट ठेवून सांगता येईल असं कारण नाही पण सकाळी अंथरूण सोडावंसं वाटत नाही. आमच्याकडं कोल्हापुरात प्रार्थनेला नवीन आलेले बरेच जण पहिल्यांदा हेच विचारतात, ताई, सगळे म्हणतात वचन वाच, धीर मिळेल, मी वाचतो हो, पण अक्षरं नुसती डोळ्याखालनं जातात, आत काही शिरत नाही, माझा विश्वासच कमी आहे का? विश्वासाचं नंतर बघू. बहुतेक वेळा त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केलेली असते, उत्पत्ति जोरात होतं, निर्गम अर्ध्यापर्यंत जातं, मग निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, फळ्या आणि पडद्यांची मापं येतात आणि तिथं सगळं अडकतं. ज्याच्या घरात पेशंट आहे त्यानं रात्री अकराला ती मापं कशी वाचायची सांगा.

माझं म्हणणं एवढंच आहे, अडचणीच्या काळात बायबलमध्ये गोड वचन शोधत बसू नका, आधी तुमच्यासारखं बोलणारं माणूस शोधा. तिथं अशी माणसं भरपूर आहेत. त्यांचं बोलणं पूर्ण ऐकून घ्या, मग देव त्यांच्याशी कसा वागला ते बघा. धीर तिथनं येतो. आता कसं करायचं ते क्रमानं सांगते.

बायबल कुठलं घ्यायचं

मराठीत दोन तऱ्हेचं मिळतं. एक जुन्या वळणाचं, चर्चमध्ये जे वाचलं जातं ते, "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो" असल्या भाषेतलं. दुसरं सोप्या बोलीतलं. दोन्ही चांगली आहेत. जुनं कानाला गोड लागतं आणि पाठ पटकन होतं, सोपं लवकर कळतं. मी म्हणेन सुरुवातीला सोपं घ्या आणि एखादं वचन मनात बसलं की तेच जुन्यात काढून मोठ्यानं वाचा. चर्चच्या ऑफिसात विचारलंत तर कुठं मिळेल ते सांगतील, आणि पैशाची अडचण असली तर लाजू नका, तसं सांगा, कुणीतरी देतंच. मोबाईलवर बायबलचं ॲप फुकट आहे, त्यात मराठी भाषांतरं आहेत. पण फोनवर वाचताना वरनं मेसेज टपकत राहतात, आणि आधीच जीव थाऱ्यावर नसतो, म्हणून जमलं तर कागदाचंच घ्या, मोठ्या अक्षरातलं.

मराठीत हे पुस्तक आपल्या हातात आलं त्यामागंही माणसांनी लई सोसलंय. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरनं साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणायचं काम अंगावर घेतलं. १९२१ ला त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी त्या शेवटपर्यंत त्या कामात होत्या, १९२२ ला त्याही गेल्या. मला स्वतःला पान उघडताना कधीकधी हे आठवतं आणि बरं वाटतं, की हे शब्द दुःखातनं गेलेल्या हातांनी लिहिलेत.

पत्ता वाचायला शिका

हे छोटं आहे पण नवीन माणूस इथंच बिचकतो, आणि शेजारी बसलेल्याला विचारायची लाज वाटते. बायबल म्हणजे एक पुस्तक नाही, ६६ पुस्तकांचा संग्रह आहे, जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या भागात, ३९ आणि नव्या करारात, म्हणजे येशूपासूनच्या भागात, २७. कॅथलिक बायबल असेल तर त्यात ७३ असतात, घाबरू नका, मी खाली सांगतेय ते सगळं दोन्हीत आहे. "स्तोत्र १३:५" असं लिहिलेलं दिसलं तर स्तोत्रसंहिता हे पुस्तक, १३ वा अध्याय, ५ वं वचन. "१ राजे" म्हणजे राजे नावाची दोन पुस्तकं आहेत त्यातलं पहिलं. अनुक्रमणिका पहिल्या पानांवर असते, बिनधास्त ती बघून उघडा, वर्षानुवर्षं वाचणारे पण हबक्कूक शोधताना अनुक्रमणिकाच बघतात. स्तोत्रसंहिता साधारण मधोमध उघडलं की सापडते.

जागा आणि वेळ

पहाटे चारला उठून तासभर शांत बसा असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. ज्याला जमतं त्यानं जरूर करावं. पण शिरोली एमआयडीसीत नाईट करून सकाळी आठला घरी येणारा माणूस चारला कुठनं उठणार, आणि जिला पहाटे धार काढून डेअरीला दूध घालायचंय तिनं काय करायचं. तुमच्या दिवसात जी फट आहे ती धरा. केएमटी बसच्या स्टॉपवर दहा मिनिटं, दुपारी भांडी झाल्यावर, पेशंटच्या उशाला सलाईन चालू असताना. दहा मिनिटं पुरतात. फक्त रोज तीच वेळ ठेवायचा प्रयत्न करा, म्हणजे आज वाचू की नको हा विचार करण्यात शक्ती जात नाही, आणि अशा दिवसात शक्ती लई कमी असते.

जागेचं म्हणाल तर आपल्या घरांत वेगळी खोली कुणाला असते. सोप्यात, परड्यात, गच्चीवर, कुठंही. घरात बाकी कुणी बायबल वाचत नसेल, नातेवाईकांना ते पटत नसेल, तरी भांडण काढू नका आणि त्यांच्यासमोर मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवू नका. निवांत बसून मनात वाचा, घरातल्या कामात कमी पडू नका. येशूनं स्वतः सांगितलंय की खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तपणे प्रार्थना कर, मत्तय ६:६ मध्ये आहे.

पहिल्या दिवशी: स्तोत्र १३

इथनं सुरू करा. फक्त सहा वचनं आहेत. एकदा सलग वाचा, मग दुसऱ्यांदा ओठ हलवत, स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात वाचा. मनातल्या मनात वाचताना मन पळून जातं, आवाजाला ते जरा धरून राहतं.

हे स्तोत्र दावीद राजाच्या नावावर आहे. पहिल्या दोन वचनांत तो चार वेळा विचारतो, किती वेळ? देवा, तू मला किती वेळ विसरणार, कायमचाच का? किती वेळ तोंड लपवणार? मी किती वेळ मनातल्या मनात हे असं घोळवत बसू? शत्रू किती वेळ माझ्यावर वरचढ राहणार? बघा, हा माणूस देवालाच विचारतोय आणि आवाज खाली ठेवून विचारत नाहीये. असं बोललेलं बायबलमध्ये छापलंय, लोकांनी ते देवळात गायलंय, आणि देवानं ते पुसायला लावलं नाही. तुम्हाला जर वाटत असेल की देवापुढं तक्रार केली तर तो रागावेल, तर या दोन वचनांवर बोट ठेवून थांबा. पुढं जायची घाई करू नका.

तिसऱ्या आणि चौथ्या वचनात तो मागतो. माझ्याकडं बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत उजेड आण, नाहीतर मी मरेन. मागणं आहे, सरळ.

पाचव्या वचनात एकदम सूर बदलतो, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय. आणि सहाव्यात गाणं येतं. आता चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये काय झालं? शत्रू गेला का? पैसे आले का? काहीच सांगितलेलं नाही. परिस्थिती होती तिथंच आहे बहुतेक. तो फक्त सगळं बोलून मोकळा झाला आणि मग त्याला आठवलं की आपण कुणाशी बोलतोय. तुमचं पाचवं वचन आजच येईल असं नाही. आज तुम्ही पहिल्याच वचनात असाल तर पहिलंच वाचा, तेवढंच देवाला म्हणा, आणि बायबल मिटा. उद्या परत तेच स्तोत्र. मी तर म्हणते पहिले तीन-चार दिवस हे एकच वाचलंत तरी चालेल.

वही

साधी दोनशे पानी वही पुरते. सुंदर अक्षरात मनन लिहायचं दडपण घेऊ नका, ते कुणी तपासणार नाही. तारीख, काय वाचलं, त्यातली एक ओळ जी टोचली किंवा बरी वाटली, आणि आपलं एक वाक्य. उदाहरणार्थ: "स्तोत्र १३. किती वेळ. आजपण कंपनीचा फोन नाही. १० तारखेला हप्ता. देवा, माझ्याकडं बघ." एवढं झालं की झालं. असं लिहिलेलं पुढं महिन्या-दोन महिन्यांनी मागं जाऊन वाचलं की कळतं त्या हप्त्याचं काय झालं, कुणी मदत केली, कुठलं काम अजून तसंच अडकलंय. आपण वाईट दिवसात उपकार विसरतो आणि बरे दिवस आले की वाईट दिवसात कोण उभं राहिलं ते विसरतो. वही विसरत नाही.

एलीयाची भाकर: १ राजे १९

दुसऱ्या आठवड्यात हा अध्याय घ्या, किंवा आत्ताच खूप थकला असाल तर आत्ताच घ्या. आधीच्या १८ व्या अध्यायात एलीयानं कर्मेल डोंगरावर फार मोठं काम केलेलं असतं, सगळ्या लोकांसमोर. आणि १९ व्यात ईजबेल राणीची एक धमकी येते आणि हा पळत सुटतो. बैर-शेबाला चाकराला मागं ठेवतो, एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, आता माझा जीव घे. संदेष्टा आहे हा, देवाचा निरोप लोकांना सांगणारा, साधा माणूस नाही, आणि असं म्हणतोय. मग तिथंच झोपून जातो.

आता देव काय करतो ते नीट वाचा. उपदेश करत नाही. तुझा विश्वास कुठं गेला, काल तर एवढं बघितलंस, असं म्हणत नाही. देवदूत त्याला हात लावतो आणि म्हणतो ऊठ, खा. बघतो तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खातो, पितो, परत झोपतो. देवदूत परत येतो, परत हात लावतो, परत म्हणतो खा, वाट मोठी आहे, तुला झेपायची नाही. मगच तो उठून होरेब डोंगराकडं चालायला लागतो, चाळीस दिवस आणि चाळीस रात्री.

आमच्याकडं एक मावशी आहेत, त्यांचे मिस्टर गेल्यावर त्यांना काही खायचंच नव्हतं, शेजारच्या बायका आळीपाळीनं जेवण घेऊन जायच्या आणि त्या ताट तसंच ठेवायच्या. एका संध्याकाळी त्यांना हा अध्याय वाचून दाखवला, निखाऱ्यावरच्या भाकरीपर्यंत आल्यावर त्यांनी थांबवलं आणि म्हणाल्या, परत वाच ते. परत वाचलं. मग म्हणाल्या, देव पण आधी जेवायलाच घालतो म्हणजे. आणि त्यांनी आमटीत भाकरी कुस्करून चार घास खाल्ले. त्या दिवशी तेवढंच झालं, दुःख होतं तसंच होतं.

म्हणून या अध्यायाच्या दिवशी वाचनानंतरची पायरी अशी आहे की जेवा आणि झोपा. खरंच सांगते. उपाशी पोटी, तीन रात्री जागलेल्या डोळ्यांनी बायबल वाचून धीर येत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

पुढं होरेबवर वारा, भूकंप, आग येतात आणि देव त्यात नसतो, मग हळू, मंद आवाज येतो. एलीयाचं दुखणं एकच, दोनदा तेच बोलून दाखवतो, मी एकटाच उरलोय. देव त्याचं ऐकून घेतो, पुढची कामं देतो, जोडीला अलीशाला देतो, आणि शेवटी सांगतो की सात हजार आहेत अजून. तुमच्या वहीत इथं लिहा, माझे सात हजार कोण? सात हजार नकोत, दोन नावं लिहा ज्यांना तुम्ही रात्री फोन करू शकता.

पाणी गळ्याशी: स्तोत्र ६९

हे स्तोत्र आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. देवा मला तार, पाणी गळ्याशी आलंय, पाय टेकायला जागा नाही अशा चिखलात रुतलोय, ओरडून ओरडून घसा कोरडा पडलाय, वाट बघून डोळे शिणलेत. ऑगस्ट २०१९ ला आणि परत जुलै २०२१ ला ज्यांनी पंचगंगेची पातळी तासातासाला मोबाईलवर बघितलीय, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आणि आकडा वरच जातोय, त्यांना हे स्तोत्र रूपक वाटतच नाही. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या माणसांनी पाणी ओसरल्यावर घरात जाऊन जो चिखल काढला, भिंतीला तो वास, फुगलेली दारं, भिजून लगदा झालेली पोरांची पुस्तकं, तोच हा चिखल. पूर नसला तरी कर्जाचं पाणी, आजारपणाचं पाणी असंच चढतं, एकेक इंच.

हे ३६ वचनांचं आहे, एका दिवसात करू नका. पहिला दिवस १ ते ४, दुसरा १३ ते १८, तिसरा ३० पासून शेवटपर्यंत. मधल्या भागात, २२ ते २८ मध्ये, स्तोत्र म्हणणारा माणूस शत्रूंना अक्षरशः शाप देतो. नवीन माणूस तिथं दचकतो की बायबलमध्ये असं कसं. माझं मत असं आहे की तो राग त्यानं स्वतःच्या हातानं काढण्यापेक्षा देवाच्या पुढ्यात नेऊन टाकलाय, आणि तुमच्याही मनात कुणाबद्दल असं असेल, भावकीतलं असेल, तर ते भांडणात नेऊ नका, तिथं नेऊन टाका. वाटलं तर हा भाग सध्या सोडा, पुढं कधीतरी पास्टरबरोबर वाचा. पण २० वं वचन सोडू नका, सांत्वन करणारं कुणी मिळेल का बघितलं पण कुणी मिळालं नाही. ज्यांच्याकडं पूर ओसरल्यावर कुणी फिरकलं नाही त्यांना हे वचन लागतं.

सुटं वचन उचलण्याआधी

इथं जरा थांबून सांगते कारण यातच जास्त माणसं दुखावतात. सकाळी व्हॉट्सॲपवर फुलांच्या चित्रावर एक वचन येतं, आपण ते देवानं आज आपल्यालाच दिलं असं धरतो, आणि तसं झालं नाही की देवावरचा विश्वास डळमळतो. वचन खरं असतं, पण ते कुणी, कुणाला, कधी म्हटलं हे बघितलेलं नसतं. नियम सोपा आहे, वचन आवडलं की त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वाचायची.

ईयोब ८:७ बघा, सुरुवात लहान असली तरी तुझा शेवट फार मोठा होईल अशा अर्थाचं. नवीन दुकान, नवीन घर, हे वचन फ्रेममध्ये लावलेलं असतं. पण ते बोललंय कोण? बिल्दद, ईयोबाचा मित्र. आणि तीनच वचनं आधी, ८:४ मध्ये, हाच बिल्दद नुकतीच मुलं गमावलेल्या ईयोबाला सांगतोय की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून त्यांचं तसं झालं. आणि पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देव स्वतः म्हणतो की ईयोबाचे हे मित्र माझ्याविषयी बरोबर बोलले नाहीत. म्हणजे ईयोबाच्या पुस्तकात बोलणारा कोण आहे हे बघितल्याशिवाय एक ओळ उचलू नका. त्या मित्रांनी एकच गोष्ट नीट केली, सुरुवातीला सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले. तोंड उघडलं आणि बिघडवलं. तुम्हाला कुणी "तुझ्या पापामुळं झालं" असं सांगितलं असेल तर हे पुस्तक तुमच्या बाजूनं आहे, एवढं लक्षात ठेवा.

दुसरं यिर्मया २९:११, तुमच्याविषयी माझ्या मनात आहेत ते हिताचे संकल्प, तुम्हाला आशा आणि भविष्य द्यायचे. सगळ्यांचं लाडकं, माझंही. हे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे, परक्या देशात, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं. आणि लगेच वरच्या १० व्या वचनात लिहिलंय सत्तर वर्षं. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं सांगत फिरत होता, लोकांना ते गोड लागलं असणार, पण ते खोटं होतं. यिर्मया म्हणतो घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मला हे कळल्यावर हे वचन जास्तच आवडायला लागलं, कारण आता ते "पुढच्या महिन्यात होईल" असं सांगत नाही, ते सांगतं की लांबलं तरी देवानं सोडलेलं नाही, आणि तोपर्यंत बाग लावायची.

फिलिप्पैकरांस ४:१३ पण असंच, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या साहाय्यानं मी सगळं करू शकतो. परीक्षेच्या आधी पोरं म्हणतात, म्हणू देत. पण वरच्या दोन वचनांत पौल, हे पत्र लिहिणारा येशूचा प्रेषित, काय म्हणतो, मला भरल्या पोटी राहायला जमतं आणि उपाशी राहायलाही जमतं. तुरुंगातनं लिहितोय तो. "सगळं करू शकतो" मध्ये उपाशी राहणं पण आलं.

ज्या दिवशी काहीच वाटत नाही

असे दिवस येणारच, कधीकधी सलग येतात. पान उघडं, डोळे कोरडे, मन दगड. अशा दिवशी स्तोत्र ८८ काढा. दीडशे स्तोत्रांत हे सगळ्यात काळोखं, शेवटीसुद्धा उजेड येत नाही, अंधारावरच संपतं. तरी ते बायबलमध्ये आहे. तुमचा अंधाराचा दिवस पण त्यात बसतो. आणि त्या माणसानं अंधारात असतानाही तोंड देवाकडंच ठेवलंय, रात्रंदिवस तुलाच हाक मारतोय म्हणतो.

वाचवतच नसेल तर ऐका. ॲपवर ऐकायची सोय असते, इअरफोन लावून पडून राहा. तेही नको वाटलं तर दुसऱ्याला वाचायला सांगा. कोल्हापुरात १८५२ साली रॉयल वाइल्डर मिशनचं काम घेऊन आले, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या बायबल वाचत आलेली घरं इथं आहेत, आणि प्रत्येक चर्चमध्ये एखादी आजी अशी असतेच जिला २३ वं स्तोत्र, १२१ वं स्तोत्र तोंडपाठ आहे. तिच्याकडं जा, म्हणा आजी, मला म्हणून दाखवा. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हे दुसऱ्याच्या आवाजात ऐकायला वेगळंच वाटतं. आणि प्रार्थनेला शब्दच नसतील तर रोमकरांस ८:२६ वाचून ठेवा, तिथं लिहिलंय की आपल्याला नीट प्रार्थना करता येत नाही तेव्हा देवाचा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं. कण्हणं पुरतं त्या दिवशी.

डॉक्टर आणि फोन

जर झोप, भूक बरेच दिवस गेलीय, कशातच जीव लागत नाही, किंवा जीव द्यावा असे विचार येतायत, तर बायबल वाचनाबरोबर डॉक्टरकडं जायचंच. त्यात विश्वास कमी पडत नाही. १४४१६ हा सरकारचा टेली मानस नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणि ती दोन नावं वहीत लिहिलीत ना, त्यातल्या एकाला आजच फोन करा, रात्र झाली असली तरी. पौलानंसुद्धा २ करिंथकरांस १:८ मध्ये लिहून ठेवलंय की आशिया प्रांतात आमच्यावर असं दडपण आलं की जगायचीही आशा सुटली. त्यानं ते लपवलं नाही, मंडळीला कळवलं, आणि ११ व्या वचनात त्यांच्या प्रार्थनेची मदत मागितली. तुम्हीही कळवा.

पुढचे काही आठवडे काय वाचायचं

स्तोत्र १३, १ राजे १९, स्तोत्र ६९ झाल्यावर स्तोत्र ४२ आणि ४३ एकत्र वाचा, त्यात स्तोत्र म्हणणारा स्वतःच्याच जिवाला तीनदा विचारतो, का रे खिन्न झालास, देवाची आशा धर. मग रूथ, चारच अध्याय आहेत. नामी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून गावी परत येते आणि गावातल्या बायकांना तोंडावर सांगते, मी भरलेली गेले होते, देवानं मला रिकामी परत आणलं. या पूर्ण पुस्तकात देव आकाशातनं एक शब्द बोलत नाही, जे होतं ते रूथ या तिच्या सुनेच्या कष्टातनं, शेतातल्या सरव्यातनं, एका भल्या माणसातनं होतं. नंतर विलापगीताचा तिसरा अध्याय, पण पहिले दोन चाळून मग, म्हणजे "त्याची दया रोज सकाळी नवी" हे जळालेल्या शहरात उभं राहून म्हटलंय ते कळेल.

त्यानंतर मार्क. शुभवर्तमानं म्हणजे येशूच्या आयुष्याची चार पुस्तकं, त्यातलं हे सगळ्यात छोटं, १६ अध्याय, रोज अर्धा अध्याय. चौथ्या अध्यायाच्या शेवटी वादळ आहे, तिथं एक दिवस जास्त घ्या. येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर झोपलाय, नावेत पाणी भरतंय, आणि शिष्य त्याला उठवून म्हणतात आम्ही बुडतोय, तुम्हाला काही काळजी आहे की नाही? मार्कात क्रम बघा, येशू आधी वाऱ्याला गप्प करतो आणि मग त्यांना विचारतो की का घाबरलात. चौदाव्या अध्यायात गेथशेमाने नावाची जागा येईल, तिथं येशू स्वतः देवबापाजवळ मागतो की हा प्याला, म्हणजे पुढ्यातलं दुःख, टाळ. ते हळू वाचा.

मध्ये चार दिवस सुटले तर सुटू द्या. मागचं भरून काढायला एका बैठकीत पाच अध्याय वाचू नका, त्यानं परत थकायला होतं. खूण ठेवलेलं पान काढा, आजची तारीख घाला, आणि तिथनंच पुढं.